वेळापत्रकात एक तास लिहा

नागपूर आणि परिसरातल्या पदवी महाविद्यालयांचे प्राचार्य, तसेच अभ्यास मंडळांचे सदस्य यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बावीस वर्षांपासून भूगोल शिकवते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं-मुली करतात त्या संशोधनाबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. या विषयावर परिपत्रके पुष्कळ निघाली. पण शिक्षक आणि विद्यार्थी टेबलाच्या दोन बाजूंना बसून नेमके काय करतात, हे त्यांत कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून सुरुवात एका अनुभवाने करते.

२३ सप्टेंबर २०२३ चा शनिवार आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांची जेवणे झाली होती, घरोघरी गणपती बसलेले होते. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला, काही तासांतच तो शंभर मिलिमीटरच्या वर गेला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीने काठच्या वस्त्यांना झोपेत गाठले. दिवाळीनंतर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी विभागात आली. तिचे घर नदीच्या अगदी जवळ. म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत सगळे वेगवेगळं सांगून राहिले. कोणी म्हणते पाणी समोरून आलं, कोणी म्हणते मागून. खरं काय ते काढता येते का?"

इतका नेमका प्रश्न मी माझ्या वर्गात फार कमी वेळा ऐकला आहे. तिच्यासोबत तिची मैत्रीण होती, मराठी वाङ्मयाची. आठवडाभरात बी.कॉम.चा एक मुलगाही येऊन मिळाला. त्याच्या काकांचे किराणा दुकान त्याच रस्त्यावर बुडाले होते.

तेव्हा यासाठी कोणालाही श्रेयांक (क्रेडिट) मिळणार नव्हते. आम्ही काम सुरू केले.

पहिले तीन आठवडे नुसता प्रश्न लहान करण्यात गेले. तिने वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते, "नागपूर शहरातील पूरसमस्या : एक भौगोलिक अभ्यास". मी ते खोडायला लावले. दोन गल्ल्या घे, म्हटले. पाणी किती चढले, कुठल्या बाजूने आले, कुणाच्या घरात आधी आले, एवढेच शोध. तिचा चेहरा उतरला, तिला ते फार छोटे वाटले. पुढच्या रविवारी ती टेप घेऊन फिरली, भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा मोजल्या आणि सोमवारी भरलेली वही माझ्यासमोर ठेवली. मी विचारले, "कुठून मोजलंस?" म्हणाली, "रस्त्यापासून." "रस्ता सपाट आहे?"

ती बराच वेळ गप्प बसली. रस्ता नदीकडे उतरत जातो, आणि अर्ध्या गल्लीत तो सिमेंटीकरणात चांगला वीतभर उचलला गेला आहे. म्हणजे एका घराच्या आकड्याची दुसऱ्या घराच्या आकड्याशी तुलनाच होत नव्हती. हे मला ती टेप घेऊन निघाली तेव्हाच माहीत होते, आणि मी मुद्दाम बोलले नव्हते. आधी सांगितले असते तर आधाररेषा (सगळ्या उंच्या जिथून मोजायच्या ती एकच रेषा) हा शब्द तिने परीक्षेपुरता पाठ केला असता. आता तो शब्द तिचा झाला. तिचा एक रविवार गेला, त्याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते. पण मार्गदर्शकाचे निम्मे काम कधी गप्प राहायचे हे ठरवण्यात असते, आणि त्यासाठी त्या मुलीला ओळखावे लागते. साठ मुलांच्या यादीतून ते ओळखता येत नाही.

मग एका पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी ऑटो लेव्हल (जागांच्या उंचीतला फरक मोजायचे उपकरण) आणि तिपाई दिली, स्वतः येऊन वापरायला शिकवली. पुलाच्या कठड्यावर एक पक्की खूण धरली आणि सगळी घरे पुन्हा मोजली. तोवर काही घरांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या. मुलगी रडकुंडीला आली, आता अभ्यास अपुरा राहिला म्हणून. मी तिला लिहायला सांगितले : "या घराची भिंत रंगवल्यामुळे खूण मिळाली नाही." तिच्या अहवालातले ते वाक्य मला आजही सर्वांत मोलाचे वाटते.

मराठीच्या मुलीकडे वेळ शोधायचे काम होते. वीज गेलेली, घड्याळ कुणी पाहिलेले नाही. बाया तिला सांगत, "मुखवटे उचलले तवा पानी ओट्यावर होतं." "सिलिंडर तरंगाले लागला, मग आम्ही गच्चीवर गेलो." "दूधवाल्याची वेळ झाली होती, पन तो काही आला नाही." तिला ही वाक्ये प्रमाण मराठीत आणून नीटनेटकी करायची होती. मराठी विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनी तिला थांबवले. जसे बोलले तसेच उतरव, एक कानासुद्धा बदलू नकोस, असे त्यांनी बजावले. महिनाभराने त्या दोघींनी आपापल्या वह्या शेजारी ठेवल्या. घड्याळाची वेळ कुठेच नव्हती, पण क्रम होता : आधी ओटा, मग मुखवटे, मग सिलिंडर. तो क्रम घराघराच्या पातळीशी ताडून पाहिला तेव्हा उत्तर हाती आले. एका ओळीतल्या घरांत पाणी मागच्या नालीतून शिरले होते आणि त्या वेळी त्यांच्या पुढचा रस्ता कोरडा होता. समोरच्या ओळीत ते नंतर रस्त्याने आले. गल्लीतले कुणीच चुकीचे सांगत नव्हते.

बी.कॉम.च्या मुलाची वाट आणखी वेगळी. शासनाने दुकानदारांसाठी पन्नास हजार रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली होती. त्याला वाटले, किती नुकसान झाले ते विचारायचे आणि बेरीज करायची. पण दुकानदार एक आकडा त्याला सांगत आणि दुसरा पंचनाम्यात असे. वाणिज्य विभागाच्या मॅडमनी त्याला प्रश्नच बदलायला लावला : नुकसान विचारू नकोस, नुकसान सिद्ध करायला त्यांच्याजवळ कोणता कागद उरला ते विचार. बिलबुके तर भिजून लगदा झाली होती. मग हा मुलगा इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांकडे गेला, कारण खरेदीच्या बिलांची दुसरी प्रत तिथे शाबूत होती. त्या दुपारी तो धावत माझ्याकडे आला, जिना चढताना धापा टाकत, कारण ठोकवाल्याने त्याला खुर्ची देऊन बसवले होते आणि चोपडी उघडून दाखवली होती.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. एकच पूर, तीन विद्यार्थी, तीन विषय. आणि तिघांना लागलेले मार्गदर्शन एकमेकांपासून पुरते वेगळे. माझ्या विद्यार्थिनीला उपकरण आणि मोजमापाची शिस्त हवी होती. मराठीच्या मुलीला कुणीतरी तिच्याबरोबर बसून एकेक वाक्य वाचायला हवे होते. कॉमर्सच्या मुलाला प्रश्न फिरवून देणारे माणूस हवे होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी मार्गदर्शकाच्या शेजारी उभा राहून हाताने शिकतो. गणितात तो एक सिद्धता आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतो आणि फळ्यासमोर अडतो. इतिहासात त्याला जुने दप्तर वाचण्याआधी मोडी गिरवावी लागते.

आणि आपण सगळ्यांना एकच साचा देतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, तक्ते व आलेख, निष्कर्ष, शिफारशी, परिशिष्ट. कवितेतल्या नदीच्या प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्या मुलीलाही दोन गृहीतके लिहावी लागतात, आणि मग त्यांची "पडताळणी" करून ती "सिद्ध" करावी लागतात. मी हे स्वतः भोगले आहे. एका महाविद्यालयात (नाव नको) माझ्यासोबत काम केलेल्या मुलीच्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाने उलटवली आणि विचारले, स्तंभालेख कुठे आहेत? तिच्या हातात तिने स्वतः काढलेला नकाशा होता. त्यांनी तो उघडला नाही. गुण कमी मिळाल्याचे दुःख नाही. त्या दिवसापासून तिने नकाशाची गुंडाळी घरी माळ्यावर टाकली, त्याचे आहे.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांनो, साचा तुमच्या हातात आहे. प्रत्येक विषयाने आपल्या विद्याशाखेत संशोधन म्हणजे काय हे दोन पानांत लिहावे आणि परीक्षकाच्या हाती गुणपत्रकासोबत तेच द्यावे. राज्यातल्या विद्यापीठांच्या "आविष्कार" स्पर्धेत मानव्यविद्या-भाषा-ललितकला एका गटात, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी दुसऱ्या, मूलभूत विज्ञाने तिसऱ्या, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक-औषधनिर्माण आपापल्या गटांत असतात. स्पर्धेत आपण हा फरक मानतो. रोजच्या प्रकल्पातही तो मानावा.

आता श्रेयांकांबद्दल. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले आणि त्यासोबत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) हे शब्द मुलांच्या तोंडी बसले. चौथ्या वर्षी "ऑनर्स विथ रिसर्च" घेणाऱ्याला बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांसाठी तो मार्ग खुला आहे. मी या बदलाचे मनापासून स्वागत केले होते. बाहेरच्या जगात ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी करून घेणारा कार्यक्रम सुरू केला. मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तो उभा केला, आणि तिथे विद्यार्थी श्रेयांक घेतो किंवा मेहनताना. म्हणजे त्याचे काम हे काम म्हणून मोजले जाते. आपल्याकडे श्रेयांक आले. पण श्रेयांकाबरोबर शिक्षकाचा तास आला नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढीच आहे.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन असते. वेळापत्रकात ते सोळा चौकोन भरलेले दिसतात. प्रकल्पाचे मार्गदर्शन कुठल्या चौकोनात आहे? बहुतेक ठिकाणी ते कुठेच नसते. ते मधल्या सुट्टीत, जिन्यात, व्हॉट्सॲपवर होते, नाहीतर होतच नाही. जागा भरल्या गेल्या नाहीत म्हणून अर्धे विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात आणि मार्गदर्शन हा तास नाही. तरी मुलं त्यांच्याकडेच जातात, कारण ते तरुण आहेत, नुकतेच स्वतः संशोधनातून बाहेर पडले आहेत आणि नाही म्हणत नाहीत. माझ्या ओळखीचा असाच एक सीएचबी (म्हणजे तासिका तत्त्वावरचा) प्राध्यापक सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवून संध्याकाळी मुलांचे मसुदे वाचतो. अहवालावर मार्गदर्शक म्हणून त्याचे नाव छापले जात नाही. मला याची लाज वाटते, आणि आपल्यालाही वाटावी.

तास नसला की काय होते ते आपण सारे जाणतो. एका शिक्षकाच्या वाट्याला पन्नास-साठ मुले येतात. सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प नाव बदलून मिळतो, स्पायरल करून, वर प्लास्टिकचा कागद लावून. आता तेही नको, चॅटजीपीटी घरबसल्या लिहून देते. शिक्षक दिवसभर सह्या करतो. त्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही, कारण मीही अशा सह्या केल्या आहेत. दोन वर्षे केल्या. चोरी पकडायला सॉफ्टवेअर घ्यावे अशी चर्चा आता बैठकांमधून होते. घ्या, पण आठवड्याला वीस मिनिटे वही घेऊन समोर बसणाऱ्या मुलाची वही बनावट आहे की खरी, हे कळायला मला कुठलेच यंत्र लागत नाही. रविवारी कुठे गेलास, कोण भेटले, कुठे अडलास, एवढे विचारले तरी पुरते.

काही सहकारी म्हणतात, यांना एक परिच्छेद धड लिहिता येत नाही, हे कसले संशोधन करणार. परिच्छेद लिहिता येत नाही हे खरे आहे. पण त्या तिघांना तरी कुठे येत होता? त्यांना सांगण्यासारखे काही मिळाले तेव्हा ते लिहायला शिकले, मसुद्यामागून मसुदा फाडत. आपल्या शहरात ज्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे त्या सी. व्ही. रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ साली आला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. सगळी मुलं रामन होणार नाहीत आणि सगळ्यांनी निबंध छापूही नयेत. उलट पदवीच्या मुलांकडून पैसे भरून कुठल्याशा जर्नलमध्ये छापून आणण्याचा जो प्रकार वाढतो आहे, तो प्राचार्यांनी कठोरपणे थांबवावा. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फाइलीत एक ओळ वाढते आणि मुलाच्या मनात संशोधन म्हणजे पावती, हे कायमचे बसते.

प्रश्नांना तर या गावात तोटा नाही. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे १९५८ पासून आहे, पाण्याची आणि हवेची तपासणी कशी करतात हे पाहायला आपल्या मुलांना मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था आहे, देशभरातल्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या ब्यूरोचे मुख्यालय अमरावती रोडवर आहे, भारतीय खाण ब्यूरो आहे. कळमन्याच्या बाजारात आंबिया आणि मृग बहाराचा संत्रा उतरतो, तिथे अर्थशास्त्राच्या मुलाने महिनाभर पहाटे उभे राहावे. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ पासून जमवलेल्या वस्तू आहेत. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि आता बंद आहे. तिथे मागावर काम केलेली माणसे म्हातारी झाली आहेत. इतिहासाच्या मुलांनी त्यांच्याशी बोलायचे असेल तर ते आत्ताच, पुढच्या धोरणाची वाट पाहत नाही. आणि भाषेच्या मुलांसाठी तर आपले बोलणेच पडले आहे. "मी करून राहिलो", "तो जाऊन राहिला" ही रचना कोण वापरते, कुठल्या वयात सोडते, पुण्याला नोकरी लागल्यावर सोडते का, घरी फोनवर परत येते का? वर्गातल्या चाळीस मुलांच्या घरांत याचे उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र मला बोचते. "ऑनर्स विथ रिसर्च" चालवायला विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. नियमामागचा हेतू मी समजते. पण काटोल, उमरेड, कुही, भिवापूरच्या लहान कॉलेजांत एका विषयाला एकच शिक्षक असतो, कधी तोही नसतो. म्हणजे चौथ्या वर्षाचे संशोधन शहरातल्या मोजक्या विभागांतच राहणार. ज्या मुलीला घरून नागपूरला रोज पाठवत नाहीत, तिच्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा दोन श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प हाच संशोधनाशी येणारा एकमेव संबंध. म्हणून त्या दोन श्रेयांकांकडे आपण सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे मला वाटते. लहान कॉलेजातल्या मुलीला शहरातला दुसरा एक मार्गदर्शक जोडून देता येईल, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी फोनवर. दोन वेगळ्या विभागांच्या शिक्षकांनी मिळून एका मुलाला मार्गदर्शन करण्याची सोयही त्यातच करावी. आमच्या पुराच्या अभ्यासात ती कुणाच्या परवानगीने झाली नव्हती, तीन शिक्षकांच्या मैत्रीने झाली होती. मैत्री नसलेल्या विभागांतल्या मुलांनी काय करावे?

पैशाचे म्हणाल तर फार लागत नाही. ऑटोचे भाडे, झेरॉक्स, एखाद्या चाचणीची फी. ते आज मुलं खिशातून देतात, म्हणून ज्याच्या खिशात नाही तो ग्रंथालयात बसून होणारा विषय निवडतो.

आणि आणखी एक विनंती, लहानशी. झालेले चांगले अहवाल रद्दीत घालू नका. ग्रंथालयात एक कपाट त्यांना द्या आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते वाचायला लावा, चुकांसकट. मागच्या तुकडीने जिथे सोडले तिथून पुढची उचलेल.

आमच्या त्या तिघांनी परीक्षा संपल्यावर गल्लीचा नकाशा मोठ्या कागदावर काढला, लॅमिनेट केला आणि किराणा दुकानात लावला. पहिल्याच संध्याकाळी एक आजी आल्या, आपल्या घरावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं पानी अजून हातभर वर होतं." मुलीने वही उघडली. रंग दिलेल्या घरांपैकी ते एक होते. आजींनी देव्हाऱ्याच्या फळीवर राहिलेली चिखलाची खूण दाखवायला तिला घरी नेले. नकाशावर ती दुरुस्ती आता लाल पेनाने केलेली आहे, तारखेसह.

नव्या सत्राचे वेळापत्रक लवकरच लागेल. माझा शुक्रवारी दुपारी तीनचा तास रिकामा असतो. त्या चौकोनात "संशोधन मार्गदर्शन, विद्यार्थी सहा" असे लिहावे आणि तो कार्यभारात धरावा, अशी विनंती मी या पत्राची प्रत जोडून माझ्या प्राचार्यांकडे करत आहे. आपणही आपल्या महाविद्यालयात, आपल्या शिक्षकांसाठी, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी मानधनासह, असा एक चौकोन भरावा.

आपली,
भूगोलाची एक अध्यापिका
नागपूर